बांधीत उतरल्याशिवाय

दक्षिण समुद्र, जानेवारी २०१०

मोठी माय,

तुले वाचता येत नाही, अन् हे दुसऱ्याच्या तोंडून तुले ऐकवावं असं मले वाटत नाही. म्हणून पत्र पाठवत नाही.

आमी जहाजावरून बर्फाजवळच्या समुद्रातली हिरवळ, म्हणजे पाण्यातली बारीक शेवाळ, मोजून राहिलो. उपग्रह आभाळातून पाण्याचा रंग पाहून ती किती आहे ते सांगते. काल त्याच्या चित्रात पाणी जवळपास रिकामं दिसलं. जहाजावरले आमचे साहेब म्हणाले, "इथे थांबून उपयोग नाही."

मले तू आठवली. आपल्या गावी बिरसीले मी बांधावरूनच बांधीतलं धान पाहून आली, का तू ओरडायची, "बांधावरून काय समजते वं? बांधीत उतर!"

मी हट्ट धरला. पाणी काढून गाळलं, तर गाळणकागद हिरवा झाला. मोजलं तर उपग्रहानं सांगितलं त्याच्या तिप्पट निघालं.

पण पाणी काढायची बाटली समुद्रात सोडण्याआधी मी त्या बर्फाळ डेकवर वाकून बूट काढू लागली होती. धान रोवण्याच्या बांधीत तू कोणाले चप्पल घालून उतरू देत नव्हती ना! सारे हसले. मी म्हटलं, "नाडी सुटली होती."

खोटं बोलली, माय. गावाकडे आली का पयले बांधावर चप्पल काढीन, मग सांगीन, तो हिरवा कागद तुझा आहे.

तुझ्या हाताखाली रोवणं शिकलेली,
भूमेश्वरी