ब्लेसिंगसकट डांबरीकरण

बाबा,

आज सकाळपासून पाऊस लागलाय आणि मी एका बँकेच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून आले. बँकेत काही काम नव्हतं. आमच्या माणसांनी मागच्या महिन्यात तिथे नवं डांबर टाकलंय, त्यावरून पाणी कुठे जातं ते बघायचं होतं. काच खाली करून बराच वेळ बसले, तर बँकेतली एक मुलगी छत्री घेऊन विचारायला आली, की बाई, तुम्ही ठीक आहात ना. मी म्हटलं, ठीक आहे, पाणी बघतेय. ती ज्या नजरेनं परत गेली, ती नजर आपण न्यू जर्सीतल्या निम्म्या पार्किंग लॉटांमध्ये पाहिलेली आहे. तुम्हाला आठवत असेल, पावसाळी रविवार आला की तुम्ही आम्हाला सगळ्यांना त्या लांबलचक स्टेशन वॅगनमध्ये घालायचात आणि तुम्ही केलेले लॉट दाखवत फिरायचात. आई थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चिवडा घ्यायची आणि मागे वळून मला सांगायची, "लोक मुलांना मॉलमध्ये नेतात. आपण मॉलच्या बाहेर बसून डबकी बघतो." तुम्ही वायपर बंद करून म्हणायचात, "डबकं दिसलं तर दाखव ना." आणि डबकं नसायचं. आईला तेवढ्यासाठी तरी एखादं सापडावं असं फार वाटत असणार.

ती या धंद्यावर रुसलेलीच होती. तुम्ही तिकडे बांधकाम खात्यात अकोल्याच्या बाजूला रस्ते केलेले, इथे येऊन काही वर्षं एका कंपनीत ड्रॉइंगच्या टेबलावर मान मोडून बसलेले, आणि मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या इटालियन माणसाचा पेव्हिंगचा, म्हणजे डांबर टाकायचा, धंदा तुम्ही माणसांसकट आणि रोलरसकट विकत घेतलात. आई कितीतरी दिवस तुमच्याशी भाजी-पोळीपुरतंच बोलली. आपल्या ओळखीतले सगळे डॉक्टर नाहीतर मोठ्या कंपन्यांतले इंजिनिअर. गणपतीच्या आरतीला जमले की कुणीतरी काका हमखास विचारायचे, "काय हो, डांबरीकरण कुठवर आलं?" तुम्ही हसून म्हणायचात, "तुमच्या क्लिनिकच्या दारात खड्डा पडलाय तिथवर." सगळे हसायचे, तुम्हीही हसायचात, पण घरी येताना गाडीत तुम्ही एकदम गप्प असायचात. म्हणूनच मी डॉक्टर व्हायचं हे तुम्ही पक्कं केलं होतं. हे तुम्ही कधी बोलला नाहीत, मला ते आपोआप समजलं.

आणि मला तर तुमच्याबरोबर काम करायचं होतं. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत तुम्ही मला बेसमेंटमधल्या तुमच्या ऑफिसात फोन घ्यायला बसवलंत, तेवढ्यापुरतंच, आणि मी तिथे जी रमले ती रमलेच. सकाळी प्लांटवरून गरम डांबराचा ट्रक निघाला की फोन, रस्त्यात अडकला की फोन, माल थंड झाला तर वाया जाणार म्हणून तुमचा गॅस स्टेशनच्या पब्लिक फोनवरून ओरडणारा फोन. बायॉलॉजीच्या पुस्तकात बेडकाचं हृदय उघडं पडलेलं असायचं आणि मी नकाशावर बघत असायची, की शुक्रवारच्या कामाला पाणी गटारात उतरायची जाळी कोणत्या कोपऱ्यात आहे. दुपारी तुमचा डबा घेऊन साइटवर जायचं निमित्त मी कधी सोडलं नाही. रोलर पुढे जातो, मागे येतो, त्याच्या चाकावरून वाफ निघते, काळंभोर डांबर हळूहळू सपाट आणि शांत होत जातं, आणि तुम्ही कडेला उभे राहून डोळे बारीक करून त्याच्याकडे बघताय. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, की तुमच्याइतका खूश माणूस त्या वेळी आपल्या सगळ्या एडिसन गावात नसेल.

काम संपून डांबर निवलं की तुम्ही ट्रकमधून तो पितळी तांब्या काढायचात. आपल्या घरातला, आजीनं दिलेला. लॉटच्या सगळ्यांत उंच जागी उभं राहून बारीक धार सोडायची आणि मग वाकून त्या पाण्याबरोबर चालत जायचं, ते जाळीपर्यंत पोचतंय की मध्येच रेंगाळतंय ते बघत. मी विचारलं होतं, की होजपाइप का नाही वापरत, तर तुम्ही म्हणालात, "होजचं पाणी ढकललं म्हणून जातं. तांब्याचं स्वतःच्या मनानं जातं. आपल्याला त्याचं मन बघायचं असतं." मला वाटलं, प्रत्येक इंजिनिअर असंच बोलतो. तुमचा फोरमन मात्र वेगळंच समजून बसला होता. धंद्याबरोबर आलेला, थोराड, दर रविवारी चर्चला जाणारा माणूस तो. त्यानं पहिल्यांदा तांब्या पाहिला तेव्हा डोक्यावरची टोपी काढली, त्याचं बघून बाकीच्यांनी काढली, आणि पुढे तोच रिवाज पडला. तुम्हाला वाटायचं, उकडतंय म्हणून काढतात.

मग त्या उन्हाळ्यात बोलिंग अ‍ॅलीच्या मालकाचा फोन आला. त्याच्या दारासमोर कायम पाणी साचायचं आणि हिवाळ्यात त्याचा बर्फ होऊन लोक घसरायचे. जवळच्याच फ्युनरल होमचा लॉट आपण केला होता आणि तिथे पाणी साचायचं थांबलं होतं. सगळं बोलून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "अँड द ब्लेसिंग? इज दॅट एक्स्ट्रा?" मला आधी समजलंच नाही. मग त्यानं सांगितलं, की फ्युनरल होमवाल्यानं बघितलंय, तुमचे वडील पवित्र पाणी शिंपडतात, माणसं टोप्या काढून उभी राहतात, आणि त्यानंतर तिथे एक थेंब साचलेला नाही. बाबा, मला हसू आवरेना. पण समोरच्या माणसाच्या आवाजात एवढी अदब होती, की मी सरळ सांगून टाकलं, "नो सर. इट्स इन्क्लूडेड."

संध्याकाळी तुम्ही किचनच्या सिंकपाशी उभे. हातांचं डांबर काढायला तुम्ही आईचं केसांचं खोबरेल चोळायचात, आणि आई रोजच्यासारखी म्हणतेय, की या घरात माझ्या डोक्यापेक्षा तुमच्या हातांना जास्त तेल लागतं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बाबा, बोलिंग अ‍ॅलीचं काम मिळालं. ही वॉन्टेड द ब्लेसिंग, आय सेड इट्स इन्क्लूडेड." तुम्ही नळ बंद केलात. सगळं ऐकून घेतलंत. मला वाटलं, आता हसाल.

"मी इंजिनिअर आहे, भटजी नाही," तुम्ही म्हणालात.

"बट बाबा, त्याला तसं वाटतंय तर—"

"ती उताराची तपासणी आहे. तसं सांगायचं होतंस. या देशात येऊन एवढी वर्षं मान खाली घालून काम केलं ते काय पाणी शिंपडणारा बाबा व्हायला?" आणि मग, आवाज न चढवता, "उद्यापासून ऑफिसात बसू नकोस. पुस्तकं काढ."

तुमचा चढलेला आवाज मला चालला असता. मी खोलीत जाऊन रडले, आणि रडले ते रागावलात म्हणून नाही, तर ऑफिसातून काढलंत म्हणून. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं, की मला हे काम नुसतं आवडत नाही, मला ते हवंय. पुढचे काही दिवस बेडकाचं हृदय मला पाठ झालं आणि खालून फोनची घंटा वाजली की मी जिन्यापर्यंत जाऊन परत यायची.

बोलिंग अ‍ॅलीचं काम संपायचं त्या दिवशी आईनं मला हाक मारली. तिनं डबा भरलेला होता आणि पिशवीत डब्याशेजारी तांब्या होता. "त्यांचा घरीच राहिलाय," ती म्हणाली. तांब्या कधी घरी राहायचा नाही हे तिलाही माहीत होतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती भाजी निवडायला लागली. मी ड्राइव्ह करत पोचले तेव्हा तुम्ही हातात होज घेऊन उभे होतात. पाणी धो धो वाहत होतं, सगळीकडे पसरत होतं, त्यावरून तुम्हालाच काही समजत नव्हतं हे तुमच्या कपाळावर दिसत होतं. पलीकडे मालक कोट-टाय घालून, बायकोला घेऊन आला होता. बायकोनं तर हॅट घातली होती. फोरमन आणि माणसं टोप्या हातात घेऊन उभी, आणि सगळ्यांचे चेहरे असे, की लग्नाला आलो आणि नवरामुलगाच नाही. तुम्ही एकदा त्यांच्याकडे बघितलंत, एकदा माझ्या पिशवीकडे. मग होज खाली टाकलात. काही वेळानं पसरलेलं पाणी ओसरलं, डांबर सुकायला लागलं, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "आण तो तांब्या."

तुम्ही धार सोडलीत आणि वाकून चालायला लागलात, आणि नेहमीप्रमाणे पुटपुटायला लागलात, "चल, चल. तिकडे कुठे कडमडतंस? डावीकडे घे. सरळ जा की, गाढवा." मालक माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, की ही कसली प्रार्थना. माझ्यापुढे दोन्ही बाजूंनी आग. हो म्हणावं तर तुम्ही, नाही म्हणावं तर तो. मी म्हटलं, "ही इज आस्किंग द वॉटर टू लीव्ह."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. "डझ इट लिसन?"

"ओन्ली इफ द स्लोप इज राइट," मी म्हटलं.

तुम्ही तिथेच थांबलात. वळून बघितलंत. पाणी तुमच्या पुढे निघून गेलं आणि दारापासून लांब, थेट जाळीत उतरलं. मालकाच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या.

घरी मी तुमच्याबरोबर ट्रकमधून आले. माझी गाडी फोरमन मागून घेऊन येत होता. हायवेला लागलो आणि तुमचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, ठसका लागला. तुम्ही हसत होतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, "सरळ जा की गाढवा, आणि ती बाई हॅट सांभाळत मान लववतेय" असं म्हणत. तुम्हाला तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, आणि तो हसरा चेहरा आज मला किती हवाय ते सांगता येत नाही. तुम्ही हसताय तोवर विचारून घ्यावं म्हणून मी विचारलं, "बाबा, मला कामावर घ्या ना. मेडिकल नको. खरंच नको." तुम्ही डोळे पुसलेत, गियर बदललात, समोर बघत राहिलात आणि म्हणालात, "बघू."

आपल्या घरात 'बघू' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. आईचा 'बघू' म्हणजे नाही. तुमचा 'बघू' म्हणजेही नाहीच, फक्त आत्ता भांडायचं नाही. सायकल हवी, बघू. मैत्रिणीकडे राहायला जाऊ, बघू. मी पुन्हा विचारलं नाही. म्हटलं, उन्हाळ्यात विचारीन. हिवाळ्यात डांबराचे प्लांट बंद असतात, तुम्ही घरात येरझाऱ्या घालता, त्या दिवसांत तुमच्याशी कुणी बोलू नये असा घरचा नियमच होता. आणि त्याच हिवाळ्यात एका सकाळी चहाचा कप हातात असताना तुमचं हृदय थांबलं.

बर्फ वितळायला लागल्यावर फोरमन घरी आला. किचनमध्ये टोपी हातात घेऊन बसला. आईनं त्याला चहा आणि चिवडा दिला. घेतलेली कामं तशीच पडली होती, माणसं विचारत होती, धंदा विकायचा का. आई म्हणाली, विकून टाकू. मग त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, की तुझे वडील तुझ्याबद्दल काही बोलले होते का. मी खरं तेच सांगितलं, शब्दाला शब्द. "ही सेड, वी'ल सी."

त्या माणसाचा चेहरा उजळला. "देन लेट्स सी," तो म्हणाला, आणि चिवड्याचा बोकणा भरला.

मी आईला सांगितलं, एका सीझनपुरतं. तो सीझन अजून संपलेला नाही. फोरमन गेला, त्याचा मुलगा आला, तोही आता रिटायर झाला. आई नव्वदीला टेकली आहे आणि अजून गणपतीच्या आरतीत लोकांना सांगते, की हिला मेडिकलला सहज अ‍ॅडमिशन मिळाली असती.

मागच्या आठवड्यात एक मुलगी आमच्याकडे नोकरीसाठी आली होती. सिव्हिल इंजिनिअर, इथेच जन्मलेली, आईवडील नागपूरचे. तिनं जाता जाता विचारलं, "मावशी, हाउ डिड यू गेट इंटू धिस?" मी तिला सांगितलं, माझ्या वडिलांनी मला बोलावून घेतलं. सगळ्यांना मी हेच सांगते. इतकी वर्षं सांगतेय, की कधी कधी मला तुमचा आवाजसुद्धा ऐकू येतो, "ये गं" म्हणताना.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे उघडच आहे. आईला तरी वाचून दाखवावं असं मनात आलं होतं. पण नाही दाखवणार. तिची स्मृती अजून ठणठणीत आहे. ती लगेच म्हणेल, "त्यांनी तुला कुठे बोलावलं होतं?"