कासवआजी ‘येते’ म्हणाली

सोमवार, ६ ऑगस्ट १९८४. कर्जत.
मनू काल पावणेअकराला झोपली. वय अडीच वर्षे. तिची आई, माझी सुधा, बी.एड.साठी पुण्याला गेल्यापासूनची ही आठवी रात्र, आणि आठही सारख्याच. दिवेलागणी झाली की पोर उंबरठ्यावर जाऊन बसते. हट्ट असा की दार लावू देत नाही. लावले तर श्वास कोंडेपर्यंत रडते.
मी वेळापत्रक करून भिंतीला लावले आहे. साडेसहा भात, सात पाय धुणे, सव्वासात श्लोक, साडेसात दिवा. तीस वर्षे शाळा वेळापत्रकावर चालवली. एक मूल चालत नाही. वेळापत्रकात दोष नाही, हे पुन्हा तपासले.
जावई खोपोलीहून पाळी संपवून आले. लोधिवलीच्या विहीणबाईंचा निरोप: पोर गणपतीपर्यंत रुळली नाही तर सुधाने शिक्षण सोडून घरी यावे. जमिनीकडे बघत सांगत होते. म्हणजे त्यांचेही मत तेच.

बुधवार, ८
शेजारी पारूबाईंकडे टीव्ही आला. दोन दिवस त्यांचा मुलगा कौलांवर अँटेनाचा बांबू फिरवतो आहे आणि त्या खालून ओरडताहेत, ‘नाय रं, अजून मुंग्याच हायत.’ आज चित्र लागले. लगेच मला निरोप, की मनूला घेऊन या, ‘बावल्यांचं’ लागते. नकार दिला. मूल यंत्रापुढे बसवणे म्हणजे आईपणाला शिकवणी लावणे.

शुक्रवार, १०
गेले. सु. उद्या येणार; पोरीच्या डोळ्यांखाली काळे दिसता कामा नये, एवढाच हेतू.
कार्यक्रम सोम-बुध-शुक्र, सातच्या आधी दहा मिनिटे. कापडाचे एक कासव, नाकावर चष्मा. नाव कासवआजी. दोन पिल्लांचे पाय धुते, दूध देते, पांघरूण सारखे करते, ‘येते हं’ म्हणून पडद्याआड होते. बाकी काही घडत नाही. इतके काही न घडणे मी प्रथमच लक्ष देऊन पाहिले. आवाज मंद, वाक्ये छोटी. ‘चांदणे’तला च तेवढा चुकतो, कोणीतरी कळवायला हवे.
मनू एकदाही हलली नाही. घोटाळा नंतर. कार्यक्रम संपला, बातम्या लागल्या, तरी चटईवरून उठेना. उचलून आणावे लागले. घरी मात्र मोरीत जाऊन स्वतःहून पाय पुढे केले, दूधही निमूट घेतले. आणि मग उंबरठा.

रविवार, १२
सु. काल आली, आज चारच्या गाडीने परत. पोरगी दोन दिवस तिच्या पदराला. निघताना ‘मनू, येते हं’ म्हणाली आणि मागे वळून न बघता चालू लागली. व्यवस्थित. लहानपणी एकदा शाळेत निघताना ‘जाते’ म्हणाली होती, तेव्हा परत बोलावून, पायांतल्या चपला काढायला लावून, वाक्य पुन्हा म्हणवून घेतले होते. पुढे चुकली नाही. पारूबाई अजून चुकतात. ‘जाते बाई’ म्हणतात, की मी आतून सांगते, ‘येते म्हणावं.’ दिवसातून दोनदा तरी.
मनू सव्वादहा.

बुधवार, १५
पाय, दूध, अंथरूण आता रडण्याविना. कासवआजी जे करते ते मी त्याच क्रमाने करते. भिंतीवरचे वेळापत्रक काढले. त्यात श्लोक होता, कासवआजीत नाही; एवढाच फरक, असे स्वतःला सांगितले.
पण चटईवरून उठणे नाही, आणि उंबरठा आहेच. साडेनऊ.

शुक्रवार, १७
साडेसहालाच वीज गेली. टीव्ही नाही. मनूचा ओठ बाहेर आलेला पाहून उशीचा अभ्रा हातावर चढवला, माझा चष्मा त्याला लावला. पारूबाई कंदील घेऊन दारात. आपल्या घराकडे वळून सुनेला म्हणाल्या, ‘अगं ये, बघ, हेडबाई कासव झाल्या.’ मी थांबले नाही. ‘चांदणे’ शुद्ध म्हटले.
सगळे सुरळीत झाले. शेवटी कार्यक्रमात असते तसे ‘येते हं’ म्हणून अभ्रा पाठीमागे लपवला. पोर झोपत आलेली, ती उठून बसली आणि दाराकडे बघू लागली.
कारण समजत नाही. समजत नसलेली गोष्ट मला सहन होत नाही.

सोमवार, २०
आज समजले.
कार्यक्रम संपला, मनू चटईवर तशीच. पारूबाई म्हणाल्या, ‘ऊठ की गं माझे बाय, संपलं.’
मनू म्हणाली, ‘आजी येते म्हणाली.’
पारूबाईंनी माझ्याकडे पाहिले. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.
‘बाई, पोरीचं काय चुकलं? येते म्हनलं, मंग ती बसनारच वाट बघत.’
मी पावसाचा विषय काढला.
घरी उंबरठ्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. गेल्या तीन आठवड्यांत प्रथमच. कोणाची वाट बघतेस, विचारले. ‘आई येते म्हणाली.’ जसे काही मलाच ऐकू आले नव्हते.
सु. पुण्याहून आली होती तो एक शनिवार सोडला तर बावीस रात्री ही वाट बघत होती. मी त्याला हट्ट म्हटले, वहीतही तसेच लिहिले. नववीच्या मुलींना मी बजावत असे: लिहिले आहे तेवढेच वाचा, मनचे घालू नका. ही तेवढेच वाचत होती.

बुधवार, २२
प्रयोग केला. कासवाने पांघरूण सारखे केले, आणि ते ‘येते’ म्हणण्याआधीच पारूबाईंनी बटण फिरवले. ‘कासव निजलं गं.’ मनू उठली, माझे बोट धरले, घरी आली. कुरकुर नाही.
अर्धा भाग सुटला. दुसऱ्या अर्ध्यासाठी सु.ने निघताना दुसरा शब्द वापरावा लागेल.
आमचे हे शेवटचे घराबाहेर पडले तेव्हा घाईत होते. ‘जातो गं’ म्हणाले. मी पोळ्या करत होते, दुरुस्त केले नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही. मी तर्कशास्त्र शिकलेली आहे.

शनिवार, २५
सु. आली. जेवणानंतर सर्व क्रमवार सांगितले. ऐकून बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, ‘मी जाते म्हणू? आई, या घरात? तुला चालेल?’
‘मला विचारू नकोस. म्हण.’

रविवार, २६
चारची गाडी. सु. उंबरठ्याबाहेर उकिडवी बसली, मनूचे दोन्ही हात धरले. सावकाश म्हणाली, ‘मनू, मी पुण्याला जाते. उद्या कासवआजी, परवा नाही, तेरवा कासवआजी. दोन कासवं झाली की मी येणार. मग आपण लोधिवलीला, गणपतीला.’
माझ्या जिभेवर दुरुस्ती आली होती. गिळली.
मनूने आईकडे पाहिले. मग एक बोट उगारून, हुबेहूब माझ्या आवाजात: ‘येते म्हणावं.’
सुधाने वर माझ्याकडे पाहिले. हसू आवरत होती की दुसरे काही, कळले नाही. मी मान हलवली. होकार की नकार, तिने ठरवावे म्हणून.
‘नाही राणी. जाते,’ ती म्हणाली आणि निघाली. वळणापर्यंत तीनदा मागे पाहिले.
पाय. दूध. आज रविवार, म्हणून अभ्र्याचे कासव. त्याला ‘येते’ म्हणू दिले नाही. मनू उंबरठ्यापर्यंत गेली, उभी राहिली, बसली नाही. परत येऊन विचारले, ‘आई गेली?’
‘गेली,’ मी म्हटले. जित्या माणसाला हा शब्द या घरात मी प्रथमच लावला.
दार लावले. रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे. आठ वाजून दहा मिनिटे. पाठ हलते आहे, झोपेत की जागेपणी, ते इथून दिसत नाही. कळेपर्यंत वही मिटत नाही.