चालकाशी बोलू नये

३ एप्रिल, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

अन्याय झाला ती वेळ लिहून ठेवते आहे. ऑफिसच्या घड्याळात ११.१७ होते, पण त्या घड्याळावर माझा विश्वास नाही.

लायसन्स ऑफिसच्या चार नंबरच्या खिडकीतल्या क्लार्कने माझा कमर्शियल लायसन्सचा फॉर्म परत सरकवला. 'पेसमेकर आहे का?' या प्रश्नापुढे मी प्रामाणिकपणे 'होय, उत्तम' असं लिहिलं होतं. म्हणाला, आजी, हार्टच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा.

आजी! वय एकसष्ट.

माझ्या छातीतलं यंत्र तुझ्या डोक्यातल्यापेक्षा वेळेवर चालतं, असं मनात आलं. मनात ठेवण्याची सवय नाही, म्हणून सांगितलं. रांग हसली. आमचे हे फाइल धरून मागे उभे होते. ते बूट बघत होते.

३ एप्रिल, संध्याकाळ

रागात मुद्दा राहिला. ताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, ज्येष्ठांसाठीच्या दिवसभराच्या केंद्राची व्हॅन चालवणारा ड्रायव्हर ३१ मेला सोडून जातो आहे. दुसरा मिळाला नाही तर व्हॅन बंद. ताईची व्हीलचेअर आमच्या गाडीत मावत नाही. तिच्या घरी मी जात नाही, कारण तिच्या सुनेशी माझं तीन वर्षं बोलणं नाही (चूक सुनेची). म्हणजे आमची भेट आठवड्यातून तीनदा, केंद्रातच. ती बंद होऊ देणार नाही. एक जूनला व्हॅन मी चालवणार. ठरलं.

५ एप्रिल

ताईला फोनवर कळवलं. म्हणाली, लहानपणी सायकलवरून डबक्यात घातलंस ते अजून विसरले नाही, मला आणखी जगायचंय गं बाई. डबकं मध्ये आलं होतं. पंचावन्न वर्षं सांगते आहे.

९ एप्रिल

हार्टच्या डॉक्टरांनी यंत्र तपासून दहा मिनिटांत सर्टिफिकेट दिलं. बॅटरी अजून आठ वर्षं जाईल म्हणाले. व्हॅनची दोनही जात नाही. क्लार्कनेही निमूटपणे फॉर्म घेतला. थोडी निराशा झाली, चार पानी भाषण तयार होतं. तक्रार तरीही पाठवणार आहे. लिहिलेलं वाया का घालवायचं?

१२ एप्रिल

ड्रायव्हिंग स्कूल. मोठ्या गाडीची बॅच दोघांचीच घेतात. यांचं नाव घातलं. हे म्हणाले, मला कशाला? म्हटलं, तुम्ही नुसतं बसायचं. त्यांचा लायसन्सचा फॉर्मही मीच भरला. हे गाडी चाळिसाच्या वर नेत नाहीत आणि अर्धा किलोमीटर आधी सिग्नल देतात. अशा माणसाच्या हाती व्हॅन कोण देणार?

२० एप्रिल

इन्स्ट्रक्टर गुणी आहे, पण भित्रा. मी चालवत असताना दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसतो. त्याला सांगितलं, पाठ ताठ ठेव. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावत. ठेवलं तर पहिल्याच ब्रेकला पुस्तक काचेबाहेर जाईल, म्हणाला. विनोदबुद्धी बेताची.

हे चालवायला लागले की त्याला डुलकी लागते. शिकवण्यासारखं काही नसेल.

संध्याकाळी व्हॅनमध्ये लावायची पाटी रंगवली: 'चालकाशी बोलू नये'. ताईच्या तोंडावर दुसरा इलाज नाही. कॉन्व्हेंटचं अक्षर, लांबूनही वाचता येतं. जपून ठेवा म्हणून यांच्याकडे दिली.

८ मे

टेस्ट. रिव्हर्समध्ये शंकू पडले: चार. त्यातला एक आधीपासूनच खचलेला होता. परीक्षक मध्येच उतरून चालत गेला. पाय मोकळे करायचे असतील.

नापास. कारण लिहिलं आहे, 'गाडीवर ताबा नाही'. गाडीवर होता. शंकूंवर नव्हता.

ताई म्हणाली, अंगण वाकडं असेल. मग म्हणाली, महिनाअखेरपर्यंत तरी एकही दिवस चुकवू नकोस गं.

फोन मीच आधी ठेवला.

२२ मे

दुसरी टेस्ट, ११.०५. शंकू दोनच पडले, म्हणजे पन्नास टक्के प्रगती. कुंपण मोजलं नाही. परीक्षकाने मोजलं. नापास. पुढची तारीख जुलैमधली.

बॅचचे म्हणून ११.२५ला यांनाही बसवलं. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. रिव्हर्स घेताना यांनी तीनदा आरसा बघितला आणि मागचं डावं चाक शंकूपासून वीतभर होतं.

निकाल विचारला नाही. माणूस दुखावतो. घरी येताना हे शीळ घालत होते. दुःख लपवायची एकेकाची रीत.

२३ मे

रात्रभर विचार करून कारण सापडलं. पेसमेकर! ११.०५ला त्याने ठोका चुकवला असणार. शंकू आपोआप का पडतील? वैद्यकीय कारणास्तव तातडीने फेरपरीक्षा घ्यावी, असा अर्ज दिला. क्लार्क म्हणाला, काकू, यंत्र उत्तम आहे असं तुम्हीच लिहिलं होतं ना? डॉक्टरांकडून नोंद आणा.

काकू म्हणाला. सुधारतो आहे.

२७ मे

डॉक्टरांनी यंत्रातली नोंद काढली. ११.०५ ते ११.१५: ठोके एकसारखे. इतकी शांत माणसं आपण झोपलेलीच बघतो म्हणाले.

एकच नोंद वेगळी. ११.२५. ठोके एकशे अठरा, चार मिनिटं. तेव्हा काय करत होतात, विचारलं. म्हटलं, झाडाखाली उभी होते. ऊन होतं.

झाडाखाली ऊन कसं, असं डॉक्टरांनी विचारलं नाही. यांनीही नाही. यांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पाकिटात ठेवला. फाइलमध्ये नाही, पाकिटात.

नोंद ऑफिसात देणार नाही. वैयक्तिक बाब आहे.

१ जून, दुपारी

सकाळी ८.४०ला केंद्राची व्हॅन आमच्या दारात. चालकाच्या जागेवर हे. नवं लायसन्स खिशात, खिशाला पेन. मला म्हणाले, चल, ताई आत बसल्यात.

दहा दिवस एका घरात राहून हा माणूस पास झाल्याचं बोलला नाही. निकाल तू विचारला नाहीस, म्हणाले.

बसले. चाळिसाच्या वर काटा गेला नाही. ताई, जिचं तोंड अर्धं शतक मिटलेलं नाही, ती दुसऱ्या वळणावर गाढ झोपली. मी मागून आवश्यक तेवढ्याच सूचना केल्या. अकरा. बारावी सुरू केली तर यांनी रस्त्यावरची नजर न काढता फक्त बोट वर केलं.

पाटी. अक्षर माझंच. खरोखर लांबूनही वाचता येतं.

ताई जागी होऊन इतकी हसली की चष्मा मांडीवर पडला. उरलेला रस्ता तिने माझा हात सोडला नाही. मी गप्प होते. सक्तीने.

तरी यांना कळवण्यात येते की, माझी पाटी माझ्या परवानगीशिवाय माझ्याचविरुद्ध का वापरली, याचा लेखी खुलासा उद्या सकाळी साडेसातच्या आत करावा. तोंडी उत्तर चालणार नाही. खुलासा येईपर्यंत चहा मिळणार नाही. व्हॅन मात्र वेळेवर निघाली पाहिजे.