तिकिटावरचं मधलं नाव

अण्णा,

शनिवारी दुपारी चंडीगडच्या विमानतळावर तुमच्या नावामुळे माझ्या लेकीला अडवलं. अठरा वर्षांची तुमची नात दोन जड बॅगा ढकलत एकटी आत गेली होती, आणि तिची आई नि मी काचेच्या बाहेर उभे होतो. सोमवारी सकाळी तिला हॉलंडमधल्या कॉलेजात स्वतः हजर राहायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. आत जाऊन पंधरा मिनिटं झाली असतील, तिचा फोन आला, "पप्पा, ये लोग बोल रहे हैं टिकट मेरा नहीं है." आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती उत्तर हिंदीत देते. इथे वाढलेल्या आपल्या बहुतेक पोरांचं असंच आहे. तुम्ही असतात तर आधी रागावला असतात आणि महिन्याभरात तुम्हीच तिच्याशी हिंदी बोलायला लागला असतात.

तिकिटावर तिचं नाव बरोबर होतं, आडनाव बरोबर होतं. मध्ये मात्र तुमचं नाव होतं. पासपोर्टात त्या जागी माझं आहे, कारण ती माझी मुलगी. म्हणजे तिकिटावर जी मुलगी होती ती कागदोपत्री माझी बहीण झाली, आणि अशी बहीण मला नाही. तिकीट काढलं होतं मीच. ही चूक आपल्याच लोकांच्या हातून होऊ शकते. इथल्या लोकांच्या नावात मध्ये सिंग नाहीतर कौर असतं, चार पिढ्या गेल्या तरी ते हलत नाही. आपल्याकडे दर पिढीला मधलं नाव एक घर खाली सरकतं, आणि माझी बोटं तेवढी सरकली नाहीत. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती एकच गोष्ट करत आली आहेत. पहिलं नाव संपलं की तुमचं नाव.

ती सवय तुम्हीच लावलीत. सातवीत स्कॉलरशिपच्या फॉर्मवर मी नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं, तो दिवस आठवतो का? तुम्ही शाळेचे कारकून, फॉर्म तुमच्याच टेबलावर आला. तुम्ही मला वर्गातून बोलावून घेतलंत, दोन गुरुजींसमोर फॉर्म फाडलात आणि म्हणालात, "बिनबापाचा हायस व्हय रं?" मग पाठकोरा कागद पुढे सरकवलात आणि पान भरेपर्यंत पूर्ण नाव लिहायला लावलंत. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की मी रात्री तुमच्या शेजारी जेवायला बसलो नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही नवा फॉर्म आणून दिलात, आणि सोबत एक निळ्या शाईचं पेन.

इकडे मोहालीजवळ खरड गावात मी राहायचो, त्या घरातलं स्वयंपाकघरही आठवतं. मला मोहालीत नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि तुम्ही एकदाच इकडे आलात, दिल्लीच्या बसने. चंडीगडच्या सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर उतरून तुम्ही तासभर बसून राहिलात, कारण नुसत्या आकड्याचं गाव असतं यावर तुमचा विश्वास बसेना. त्याच संध्याकाळी मी ओट्यावर पासपोर्टचा फॉर्म पसरला आहे, तुम्ही पिठलं हलवताय आणि एक डोळा कागदावर आहे. फॉर्मवर आडनावाचा रकाना आहे, नावाचा आहे, मधल्या नावाचा नाही. मी म्हणतो, जाऊ दे, नसलं तर नसलं. तुम्ही उलथनं हातात धरूनच पुढे येता. "माझं नाव टाकून एकटाच हिंडणार व्हय? तुझ्या नावाला चिकटून लिही." मी लिहिलं. त्यानंतर वर्ष सरायच्या आत तुम्ही गेलात. विमानात काही तुम्ही कधी बसला नाहीत.

पण मी तुम्हाला भरपूर फिरवलंय. बोर्डिंग पासवर तुमचं-माझं नाव जागा न सोडता एकत्र छापतात, परदेशातल्या माणसाला त्यातलं कुठलं कोणाचं ते कळत नाही. जर्मनीतल्या हॉटेलात उशीवर स्वागताचं कार्ड होतं, ते तुम्हाला. जपानात लाउडस्पीकरवर शेवटची हाक तुमच्या नावाने झाली आणि मी आरामात वर्तमानपत्र वाचत बसलो, कारण घरात तुमच्या नावाने हाक आली की उठायचं काम तुमचं असायचं. विमान चुकता चुकता राहिलं. मेतकूट म्हणजे काय हे मी तीन देशांच्या कस्टम्सना समजावून सांगितलं आहे, आणि 'पावडर' हा शब्द तिथे तोंडातून काढायचा नसतो हे पहिल्याच वेळी शिकलो. चाकं जमिनीला टेकताच उठून उभी राहणारी माणसं सगळ्या देशांत सारखी असतात. ऑफिसात कोणी पहिल्यांदा बाहेर निघालं की माझ्याकडे येतं. कुठली रांग, कुठली सीट, किती वेळ आधी. तिकीट तीन वेळा वाचायचं, एकदा पेन हातात घेऊन, असं मी प्रत्येकाला बजावतो.

असा मी, आणि काचेच्या चुकीच्या बाजूला. वीस वर्षांत विमानतळ मी कायम आतून पाहिला. बाहेर उभं राहून आतलं माणूस शोधणं काय असतं ते शनिवारी कळलं. काउंटर बंद व्हायला पन्नास मिनिटं होती. ज्या वेबसाइटवरून तिकीट काढलं होतं तिच्या हेल्पलाइनवर संगीत चालू होतं. हिने माझा दंड घट्ट धरला होता आणि दर दोन मिनिटांनी एकच विचारत होती, काही बोलले का. शेजारी एका सुनेला पोचवायला वीस जणांचं कुटुंब आलं होतं, त्यातल्या म्हाताऱ्या आजींनी, त्यांच्या बीजींनी, हिला पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. चाळीस मिनिटं राहिली, मग तीस. मी घड्याळ बघत होतो आणि काटा भरभर पळावा की थांबावा, माझं मलाच ठरत नव्हतं.

मार्ग काढला तो पोरीनेच. पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर वडिलांचं पूर्ण नाव असतं. तिने ते पान उघडून काउंटरवरच्या साहेबांपुढे धरलं आणि बोट ठेवून दाखवलं, हे पप्पा, हे दादाजी, पप्पांना सवय आहे. साहेब म्हणजे पिकल्या दाढीचे एक सरदारजी, ते पासपोर्ट घेऊन स्वतः गेटपर्यंत आले. गेटवरच्या जवानाच्या खांद्यावरून त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं, नावं ताडून पाहिली.

"सर जी, ये बीच वाले आपके पिताजी हैं?"

मी हो म्हटलं.

"हैं, या थे?"

"थे."

त्यांनी पासपोर्ट मिटला. "बापूजी को बच्ची के साथ भेज रहे थे," एवढं म्हणाले आणि फोन कानाला लावत आत गेले. काउंटर बंद व्हायला अकरा मिनिटं असताना नवं तिकीट तिच्या हातात पडलं. तिने लांबून ते काचेला चिकटवून दाखवलं. तिची आई हसता हसता रडायला लागली.

सिक्युरिटीच्या रांगेतून तिने पुन्हा फोन केला. आवाज शांत होता, त्याचंच मला भय वाटलं. "पप्पा, आपने चेक नहीं किया था? आप तो तीन बार चेक करते हो."

"राहून गेलं गं," मी म्हणालो.

ती सोमवारी वेळेवर पोचली. तिथल्या नव्या मैत्रिणींना ती हा किस्सा सांगते, दादाजी मला जाऊच देत नव्हते म्हणते, आणि न पाहिलेल्या आजोबांवर तिचा एकाएकी जीव जडलाय. ऑफिसातही हशा झाला. हिने गावाकडे फोन करून सगळ्यांना सांगितलं की अण्णा अजून नातीची काळजी करतात. सगळी चूक तुमच्या खात्यावर, आणि कौतुकही तुमचंच.

पण अण्णा, बोटांची चूक फक्त तिकीट काढतानाची. ती निघायच्या आधीच्या मंगळवारी ऑफिसात मी त्याची प्रिंट काढली आणि नेहमीसारखं पेन घेऊन वाचायला बसलो. पेन तुमच्या नावावर थांबलं. शनिवार चार दिवस लांब होता, एका फोनचं काम होतं. मी प्रिंटची घडी केली, फाइलमध्ये ठेवली आणि ती फाइल माझ्या हाताने तिच्या बॅगेत घातली. तिने जावं असं मला वाटत नव्हतं. तिचं सगळं लहानपण मी विमानतळांवर घालवलं, आता घरी राहायला लागलो तर ती निघाली, आणि जाऊ नकोस असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

तिला हे अजून सांगितलेलं नाही, सांगेन असं वाटतही नाही. तुम्हाला सांगितलं, कारण नाव तुमचं वापरलं.