आरशाचा टवका

बाबा,

आधी नमस्कार घ्या, मग काय रागवायचं ते रागवा.

मी बरा आहे, कारखान्यात वेळेवर जातो. जिच्यासाठी कॉलेज अर्धवट सोडून इथे आलो, ती गेल्या महिन्यात आली होती. मी मागच्या अंगणात दुर्बीण लावत होतो. म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. तू घरी जा."

मी दुर्बिणीला लाथ घातली. तुम्ही वर्षभर हाताने घासून केलेल्या आतल्या आरशाचा टवका उडाला. तुमचे हात आता थरथरतात, दुसरा आरसा होणार नाही, हे लाथ घालताना डोक्यात आलंच नाही.

सोबतचा तेजोमेघाचा फोटो त्यानंतरचा आहे. नऊ रात्रींचे तीनशे फोटो एकावर एक रचून केलाय. टवका उडाला तरी चित्र अख्खं येतं, फक्त जरा अंधूक. फोटो टेबलावर ठेवून बघा, हातात हलेल.

आई म्हणते, तुम्हाला चमचाही धरवत नाही. खरं का?

लिहिता येत नसेल तर आईकडून एवढंच कळवा: आरसा घेऊन मी येऊ, की नुसता आरसा पाठवू?

तुमचाच,
भडकू