विहिरीचं पाणी पास झालं

प्रिय बादली,

घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. आणि आमच्या चिरंजीवांनी मला लिहायला बसवलेलं नाही. तो नोकरीसाठी परगावी गेलाय, त्याला या पत्राचा पत्ताही नाही. तुमचा घटस्फोट झाल्यापासून तू या गल्लीकडे फिरकली नाहीस आणि मीही फोन केला नाही. सुनेशी आता काय म्हणून बोलायचं, तेच कळत नव्हतं. आज सुचतंय, तेव्हा गुमान वाच.

मागच्या महिन्यात गल्लीतली पाइपलाइन फुटली आणि गटाराचं पाणी नळाला आलं. शिंप्याची पोरं आजारी पडली, अर्धी गल्ली दवाखान्यात. टँकर आज येतो, उद्या येतो, करत कधी आलाच नाही. शेवटी पाणी तपासणारा माणूस आपल्या परसातल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेला. मी मनात म्हटलं, झालं, आता गल्लीत शोभा होणार. रंगाऱ्याच्या घरची विहीर, त्यात काय निघायचं! पण निकाल आला तो पाणी स्वच्छ, पिण्याजोगं. बाटल्यांची अदलाबदल तर नाही ना झाली, असं मी त्याला दोनदा विचारलं.

मग तू आठवलीस आणि एकट्यालाच हसू फुटलं. लग्न होऊन आलीस त्याच आठवड्यात तू मला विहिरीशेजारी ब्रश धुताना पकडलंस. टर्पेंटाइन जमिनीत ओतत होतो, जन्मभर ओतत आलो तसंच. तू भांडली नाहीस. दुसऱ्या दिवशी परसात झाकणाचे डबे मांडून मोकळी झालीस. ब्रश आधी रद्दीला पुसायचा, मग डब्यात बुडवायचा, गाळ खाली बसला की वरचं नितळ टर्पेंटाइन पुन्हा वापरायचं, आणि गाळ वाळवून कचऱ्याच्या गाडीत वेगळा द्यायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! सगळी हयात रंगात गेली आणि ही कालची पोर मला ब्रश धुवायला शिकवते! पण डबे काही तिथून हलले नाहीत, आणि तूही हलली नाहीस. शेवटी मीच वाकलो, आजही ब्रश डब्यातच धुतो.

मग तळणीचं तेल मोरीऐवजी बाटलीत जायला लागलं. उरलेली औषधं संडासात टाकायची सोय राहिली नाही, तू ती औषधवाल्याला परत द्यायला लावायचीस. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. नळाला गरम पाणी येईपर्यंतचं थंड पाणी बादलीत. कुठे थेंब ठिबकला की तुझी बादली हजर! चिडवायला म्हणून मी तुझं नाव बादली ठेवलं, तर तू इतक्या खुशीत ओ द्यायचीस की पुढे तुझं खरं नाव माझ्या तोंडात येईना.

महिनाभर गल्ली आपल्या परसात रांग लावून पाणी नेत होती. शिंप्याची पोरं आता हुंदडायला लागलीत. जो तो म्हणायचा, रंगारीकाका, उपकार झाले तुमचे. तुझ्या वाटणीचं कौतुक आयतं खाताना मला ते पचेना, पोरी. शेवटी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आभार मानायचे तर माझ्या सुनेचे माना. शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, ती तर सोडून गेली ना? मी ताडकन म्हटलं, नवऱ्याला सोडलंय तिनं, मला नाही.

बोलून तर बसलो. घरात आलो आणि लक्षात आलं, हे तुला कधी विचारलेलंच नाही. तुझे आभार तर मानायचेच होते, पण तेवढं विचारायला हे पत्र. जाताना मागच्या दाराची किल्ली विहिरीच्या कठड्यावर ठेवून गेली होतीस, ती या पाकिटात घातलीय. मी बोललो ते खरं असेल तर येऊन दार उघड आणि पेलाभर पाणी पिऊन जा. खोटं असेल तर किल्ली तेवढी परत पाठवू नकोस. पोस्टात हरवली असेल, अशी मी मनाची समजूत घालीन.

तुझाच,
बाबा