गॅरेजातलं शाही कोठार

प्रति,
मा. सचिव (श्रीमती सुनेत्रा वाकणकर),
पूर्व फ्रिस्को मराठी मित्रमंडळ,
फ्रिस्को, टेक्सस.

विषय: अर्जदाराच्या गॅरेजातील मंडळाचं सामान शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हलवू देण्याबाबत.

संदर्भ: १) वार्षिक सभेचा ठराव क्र. ४. २) फर्मान क्र. ७. ३) मंडळाच्या ग्रुपवरील आपला "नियम म्हणजे नियम" हा संदेश.

महोदया,

१. रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी वार्षिक सभेत 'नियमावलीतील दुरुस्त्या' हा ठराव एकमताने मंजूर झाला. त्याला अकरा सेकंद लागले, कारण बाजूच्या टेबलावर मिसळीची झाकणं उघडली होती. दुरुस्त्या कोणी वाचल्या नाहीत. आपल्या प्रथेप्रमाणे त्या "वाचल्या असं समजून" संमत झाल्या. सूचक श्री. अतुल काळसेकर; अनुमोदक स्वतः अर्जदार, श्रीमती नंदा खरवंडीकर. अर्जदारांच्या हातात त्या वेळी तर्रीचा डाव होता आणि अनुमोदनाचा हात डावासकट वर गेला, हे त्या नाकारत नाहीत.

२. चार दिवसांनी उघडकीस आलं की सभेआधी सभासदांना गेलेल्या ईमेलला दुरुस्त्यांऐवजी डिसेंबरमधल्या नाटकाचा दुसरा अंक जोडला गेला होता. त्या अंकात एक सुलतान बारा फर्मानं काढून अख्ख्या साम्राज्याचा कारभार लावून देतो: सुभेदार कोणी नेमायचा, रयतेची अर्जी कोणी वाचायची, कोठार कोणी राखायचं. फर्मान दिवाणाने दफ्तरात उतरवायचं, त्यावर मोहर उठवायची, मग ते भर चौकात वाचायचं. यातली एक पायरी चुकली तर तो नुसता कागद. नाटक लिहिणारे आणि सुलतानाचं काम करणारे श्री. केदार धोत्रे यांनी दोन वर्षं अभ्यास केल्यामुळे या कारभारात पळवाट म्हणून नाही.

३. सभेने मंजूर केलं ते लागू, असा निर्णय देऊन आपण स्वतः दिवाणपद स्वीकारलंत. तेव्हापासून पार्किंगचे चार सुभे झाले असून पूर्व सुभ्यातली गाडी पश्चिम सुभ्यात लावायला चिठ्ठी लागते. जेवण आधी चाखून पाहण्याच्या कामावर अतुलराव आहेत. ते दर कार्यक्रमाला तीन ताटं चाखतात आणि निकाल राखून ठेवतात. असं असलं तरी अकरा वर्षांत प्रथमच कार्यक्रम वेळेवर सुरू होत आहेत, हे अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करतात.

४. अर्जदारांची अडचण फर्मान क्र. ७ ही आहे. "सुलतानाच्या मोहरेवाचून कोठारातली काडीही उंबरठ्याबाहेर जाता कामा नये." मंडळाचं सामान अकरा वर्षं अर्जदारांच्या गॅरेजात आहे: अठरा पातेली, एकशे चाळीस घडीच्या खुर्च्या, नाटकातलं सिंहासन आणि नऊ फुटी पुठ्ठ्याचा हत्ती. अर्जदारांनी घर विकलं आहे. शुक्रवार, दि. ६ मार्च रोजी दुपारी बाराला कागदांवर सह्या आहेत आणि गॅरेज तोवर रिकामं हवं, अशी करारात अट आहे. न झाल्यास व्यवहार मोडू शकतो. तसं झाल्यास अर्जदार फ्रिस्कोतच अडकतील आणि जर्सी सिटीत त्यांची मुलगी मैत्री हिचं पहिलं बाळंतपण, आधीच तिकडे पोचलेले अर्जदारांचे यजमान श्री. संग्राम यांच्या एकट्याच्या हाती जाईल. श्री. संग्राम यांनी परवा डिंकाचे लाडू वळले. एक लाडू फरशीवर पडला. फरशीचा टवका उडाला.

५. अर्जदारांनी प्रयत्नांत कसूर केलेली नाही. श्री. केदार व्हिसासाठी पुण्यात आहेत आणि पासपोर्टवर शिक्का मिळेपर्यंत परतू शकत नाहीत. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "काकू, बिनधास्त हलवा ना यार! मी सुलतान आहे, मीच सांगतोय." त्यावर आपलं उत्तर आलं, "केदार, फर्मान पाच वाच. बिनमोहरेचा हुकूम खोटा समजावा. तूच लिहिलंयस." मोहर कोठारातल्या पेटीत आहे आणि पेटी सुलतानानेच स्वहस्ते उघडायची आहे. "मग विशेष सभा घ्या," असं अर्जदार म्हणाल्या. "एकवीस दिवसांची नोटीस लागते, नंदाताई. तो जुना नियम आहे, तो काही नाटकातला नाही," असं आपण म्हणालात.

६. आज, गुरुवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी घराच्या खरेदीदार, निवृत्त मुख्याध्यापिका मिसेस डोना हॉलंड, शेवटच्या पाहणीसाठी आल्या. गुडघा दुखत असल्यामुळे त्या गॅरेजात सिंहासनावर टेकल्या. फर्मान क्र. ३ म्हणतं, "जो सिंहासनावर बसला तो सुलतान, आधीच्याचा अंमल तिथेच संपला." अर्जदार स्वतःच आधी का बसल्या नाहीत, असा प्रश्न आपण विचारालच. कोठाराच्या रखवालदाराने सिंहासनाला अंग लावणं हा फर्मान क्र. १२ प्रमाणे द्रोह आहे.

७. अर्जदारांनी तत्काळ मुजरा करून मिसेस हॉलंड यांना परिस्थिती इंग्रजीत समजावली आणि सामान हलवण्याचं फर्मान मोहरेसाठी पुढे केलं. मिसेस हॉलंड यांनी पेटी स्वहस्ते उघडली. मात्र मोहर उठवण्याआधी त्यांना बाराही फर्मानं ऐकायची होती. ती ऐकून त्या "आय लाइक धिस" एवढंच म्हणाल्या. पार्किंगच्या सुभ्यांचं फर्मान त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

८. तरी विनंती की, मिसेस हॉलंड यांचा अंमल आपण दफ्तरात उतरवून घ्यावा आणि त्यांची मोहर ग्राह्य धरावी, म्हणजे शुक्रवारी बाराच्या आत खुर्च्या तरी निघतील.

९. हा अर्ज लिहिताना सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. मोहर मिसेस हॉलंड यांच्या हातात आहे, कागद मांडीवर आहे, मोहर अद्याप उठलेली नाही. ट्रक दारात उभा आहे. दिवाण कोण आहे आणि इतका वेळ कुठे आहे, अशी विचारणा त्यांनी नुकतीच केली. अर्जदारांनी सचिव महोदयांचं नाव आणि पत्ता सांगितला आहे.

मुजऱ्यासह, आपली नम्र,
नंदा खरवंडीकर
(कोठाराच्या रखवालदार)
गुरुवार, दि. ५ मार्च २०२६

सोबत: १) घरविक्रीच्या करारातील गॅरेजविषयक पानाची प्रत. २) फरशीच्या टवक्याचा फोटो. ३) सिंहासनस्थ मिसेस हॉलंड यांचा फोटो (त्यांच्या हुकमावरून काढलेला).